मेव्याचा पाव आणि पाण्याचा हबका

बारामतीजवळच्या पणदरे गावातल्या आमच्या घरात कुठलंही भांडं झाकलेलं राहत नसे. दारात म्हशी, दोन्ही वेळेला चुलीवर दूध, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण झाकण उचलून आत डोकावणारच. दूध उतू जाणं म्हणजे लक्ष्मी चुलीत सांडणं. ते वर येताना दिसलं, की जो जवळ असेल त्यानं पाण्याचा हबका मारायचा, हा घरचा कायदा. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो शिकले, आणि पुढे तोच कायदा एका भाऊबीजेला माझ्या मुळावर आला.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, लासुर्ण्याजवळच्या एका कारखान्याच्या कॉलनीतलं. वडील लवकर गेले. आई तिथल्या दवाखान्यात आया होती, त्यामुळे आम्हाला एक क्वार्टर होतं. शेजारी केरळकडच्या एक नर्सबाई राहायच्या. त्यांच्याकडून आई नाताळातला केक शिकली आणि तिनं त्याला पार आपल्या वळणावर आणलं. अंडं काढून टाकलं, साखरेऐवजी गूळ घातला, आणि खारीक, बेदाणे, काजूचे तुकडे, भाजलेले शेंगदाणे असं जे महिनाअखेरीला डब्यात उरलेलं असेल ते सगळं त्यात ढकललं. ओव्हन कुठला! जाड पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, वर परात आणि परातीत निखारे. आम्ही त्याला मेव्याचा पाव म्हणायचो. दिवाळीत लोकांच्या घरून चकलीचा वास यायचा आणि आमच्या घरातून भाजलेल्या गुळाचा.

माझ्या लग्नानंतर वर्षभरात आई गेली. नव्वद सालानंतरची गोष्ट, गावात तेव्हा घरोघर टीव्ही येऊ लागले होते. क्वार्टर सोडावं लागलं. माझा धाकटा भाऊ फौजेत नुकताच लागला होता. तो रजेवर आला, पण उतरला बारामतीला मित्राच्या खोलीवर. माझ्याकडे यायचा तो घोटभर चहापुरता. पुढच्या सोप्यातल्या खुर्चीच्या कडेवर टेकायचा, पिशवी पायाशीच ठेवायचा, आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, "पाव्हणं, घ्या की आणिक," म्हणाल्या की आणखीच आखडून जायचा. दिवाळीच्या आधी एकदा मला म्हणाला, "अक्का, भाऊबीजंला येतो, चारच्या गाडीनं परत जातो. पुढच्या रजेला मात्र न्हाय येत. हितं यून करू तरी काय? तिकडंच पलटणीत ऱ्हाईन."

मला माझं सासर तरी होतं. त्याला उंबरा म्हणून कुठलाच नव्हता. ज्या घरात तो पिशवी खाली ठेवील असं एक घर त्याला हवं होतं, आणि ते माझंच व्हायला हवं होतं. पण हे तोंडानं सांगून पटणारं नव्हतं. मग मी ठरवलं, आईचा पाव करायचा.

भाऊबीजेच्या दिवशी घरचे पुरुष आपापल्या बहिणींकडे गेले होते. सकाळी सगळं आईसारखं केलं. गूळ दुधात विरघळवला, मैद्यात सोडा घातला, वरून लिंबू पिळलं. डबा वाळूवर ठेवला, परातीत निखारे भरले. आत्याबाईंना दोनदा बजावलं, "याला हात लावू नका." त्या म्हणाल्या, "मी कशाला लावती?" मी निर्धास्त होऊन न्हायला गेले.

परत आले तर परात खाली काढलेली, आणि आत्याबाई हातात तांब्या घेऊन उभ्या. डब्यात पाव कुठला, मधोमध खड्डा पडलेला एक ओला गोळा होता.

"उतू चाललं हुतं," त्या म्हणाल्या. "पार कडंपतुर आलं हुतं. मी हबका मारला म्हणून वाचलं."

मी तडकले. तोवर सासूला कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी सगळा हिशेब चुकता केला. ते फुगून वर येण्यासाठीच होतं, तुम्हाला काही कळत नाही, माझा भाऊ तुमच्यामुळे... आणि पुढे बोलता येईना, रडूच आलं. एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या बाईनं तांब्या हळूच खाली ठेवला. तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला.

भाऊ आला, त्याच खुर्चीच्या कडेवर टेकला. मी ओवाळलं. त्यानं ताटात अक्रोड आणि जर्दाळूची पिशवी ठेवली, पलटण होती तिकडच्या थंड मुलखातून आणलेली. मी फराळाचं ताट पुढं केलं आणि काही झालंच नाही असा चेहरा केला, पण डोळे सुजलेले होतेच. तेव्हा आत्याबाई आतून डबा घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर धरला.

"पाव्हणं, तुमच्या आईचा पाव केलाता हिनं तुमच्यासाठी. मी त्यात पाणी मारलं. चूक माजी हाय."

भावानं डब्यात पाहिलं. मला वाटलं, आता हा उठून जातो. तर तो हसायला लागला. आई गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, आता थांबेचना.

"आईनं बी पहिल्या वक्ताला ह्येच केलं हुतं," तो म्हणाला. "अक्का, तू शाळंत गेलीवतीस. मला ताप हुता, मी घरातच. नर्सबाई सांगून गेल्या, उघडू नका. आईनं उघडला, फुगलेला बगितला आन् मारलं पाणी. मग मी आन् तिनं चमच्यानं खाल्ला, तुला कळू नी म्हणून."

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मग? शानीच हुती तुजी आई."

'तुमच्या'ची 'तुजी' झालेली माझ्या लक्षात आली, त्यांच्या बहुधा नसावी. भावानं चमचा मागितला आणि तो गचगचीत गोळा कडेकडेनं खाऊ लागला. आत्याबाईंनीही बोटानं चाखला आणि गूळ कमी आहे म्हणाल्या.

मैदा अजून होता. दुपारची जेवणं झाल्यावर दुसऱ्यांदा कालवायला आम्ही तिघंही बसलो. भाऊ अक्रोड फोडत होता, आत्याबाई जर्दाळूच्या बिया काढत होत्या, आणि गूळ अर्थातच त्यांच्या मापानं पडला. डबा पातेल्यात गेल्यावर भाऊ चुलीपाशीच मांडी घालून बसला. "मावशी, आता हितं पहारा हाय," तो म्हणाला. आत्याबाईंचा हात दोनदा परातीकडे गेला आणि दोनदा त्यानं अडवला. त्यांचा जीव नुसता वरखाली होत होता. झाकलेल्या भांड्यासमोर स्वस्थ बसायची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ असेल.

पाव अजून आतच होता, तेवढ्यात चारची वेळ झाली. भावानं घड्याळ पाहिलं, उठून पिशवी उचलली. राहा म्हणायचं सोडून मी त्याच्यासाठी फराळाचा डबा भरायला घेतला.

"कुटं निगालास?" आत्याबाई चुलीपासून ओरडल्या. "ह्यो पाव कोण बगणार, मी? ती पिशवी ठेव आत. आन् मोकळाच हायेस तर म्हशींस्नी वैरण टाक, त्या कवाच्या वरडाय लागल्यात."

आमच्याकडे पाहुण्याला कुणी काम सांगत नाही. जावयाला तर नाहीच, पण सुनेच्या भावालाही नाही. लोक काय म्हणतील! भावानं पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो गोठ्याकडे गेला. फाट्यावरची गाडी वाजली आणि निघून गेली. त्या आवाजाचा इतका आनंद मला परत कधी झाला नाही.

पाव छान फुगला होता, एका बाजूनं जरा करपला, पण आतून मऊ. आम्ही तो दुधात बुडवून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. भाऊ दुधाची किटली घेऊन डेअरीकडे निघाला होता. शेजारच्या काकूंनी कुडापलीकडून त्याला विचारलं, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

भाऊ थांबला. त्यानं किटली या हातातून त्या हातात घेतली.

"पाव्हणा न्हाय, काकू," तो म्हणाला. "हितलाच हाय मी."