मोरीच्या तेलाची मोटार

माझ्या सासूबाई कुठलीही गोष्ट अंगठ्याने दाबून बघत. उभा जन्म चिंचणीच्या बाजारात मासळी विकण्यात गेलेला; दाबल्यावर खड्डा राहिला तर मासा शिळा, लगेच भरून आला तर ताजा. मला बघायला पालघरला आल्या तेव्हा मी पावडर थापून, मान खाली घालून बसले होते. त्यांनी सरळ माझा दंड दाबला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "ताजी हाय. घेऊ." कॉलेजात वर्षभर इंग्रजी शिकलेली मी, मला तो घोर अपमान वाटला. आता दाबलं तर खड्डा तसाच राहील, तो भाग वेगळा.

माझा धाकटा दीर गजानन आखातातली नोकरी संपवून आला, तो एक गाडी घेऊन. पुढून ऐटबाज मोटार, मागून उघडा हौदा. सासूबाईंनी बॉनेटवर अंगठा दाबला. "चांगली हाय. आता यष्टीचा कंडक्टर माज्या पाटीकडं बघून नाक मुरडनार नाय."

पण गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. अशी गाडी आरटीओवाले पास करीनात. तेवढ्यात गजाननला पुन्हा तिकडून बोलावणं आलं. तो म्हणाला, "पासिंग झालं नाय तर भंगारात घालतो आन परत जातो." त्या दिवसापासून गाडीचं पासिंग हे सासूबाईंचं काम झालं. गाडी रस्त्यावर, तर पोरगा घरात. त्यांचा हिशेब एवढाच.

बोईसरच्या एका गॅरेजात स्टिअरिंग उजवीकडे आलं. डावीकडे पेडलं होती तिथे पत्रा ठोकला. त्या बाजूला मी बसायची आणि समोर म्हैस दिसली की तो पत्रा दाबून ओरडायची.

मग नवी अडचण. ही कार म्हणून नोंदवायची की मालवाहू? गजानन हट्टाला पेटला, "कारच! मी काय टेम्पोवाला हाय?" त्याला फूस माझी. पुढच्या सीटवर बसून पालघरभर मिरवायला मी गॉगल घेऊन ठेवला होता. माझी सगळी अक्कल त्या काळी गॉगलच्या काचेमागे राहत असे.

पालघरला आरटीओचा कॅम्प होता त्या सकाळी अंगणात येऊन बघते तर सासूबाई हौद्याला आतून मोरीचं तेल चोपडत होत्या. मोरी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल आमच्याकडे होडीच्या लाकडाला लावत. वासाने मांजरंसुद्धा वेडी होत.

"आई, हे काय करताय?"

"नवी होडी कोरडी पान्यात घालतात काय गो? खारा वारा हाय. गंजंल."

आता कार कशी म्हणायची? मला युक्ती सुचली. माहेरहून आलेल्या दिवाणाची गादी मी हौद्यात टाकली, वर फुलाफुलांची चादर. वास झाकला आणि मागे बसायची सोयही दिसली!

पालघरला गाडी उन्हात उभी राहिली. तेल गादीत मुरलं आणि तापलं. निरीक्षक साहेबांनी नाकाला रुमाल लावून चादरीचं टोक उचललं.

"ही कार आहे?"

"हो सर, फॅमिली कार," मी गॉगल सावरत म्हणाले.

"फॅमिलीत बोंबील किती आहेत, बाई?"

सासूबाई पुढे झाल्या. "साहेब, मानूस पुढं, म्हावरं मागं. आमच्या होडीत बी तसंच. तुमी मालाची गाडी लिवा."

"आये," गजानन चिडला, "मी आखातातनं म्हावरं वाहायला आलो काय?"

"मंग परत जायला आलास काय?"

साहेब रुमालामागून वाट बघत होते. गजाननने एकदा गाडीकडे, एकदा आईकडे बघितलं. मग म्हणाला, "लिवा साहेब. मालवाहू."

तो गेला नाही. पहाटेची मासळी घेऊन पालघर, बोईसर करू लागला. आसपासच्या बायकांच्या पाट्याही त्याच हौद्यातून जाऊ लागल्या. गादी मांजरांनी घेतली. तेल मुद्दाम लावलं होतं का, असं मी सासूबाईंना पुढे एकदा विचारलं. त्यांनी माझा दंड दाबला. "तेल मी लावलं. गादी कुनी टाकली? तू वास कोंडलास म्हनून तर साहेबाला कळलं."

बऱ्याच वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. बोईसरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तर पुढे बसायला तयार नाहीत. "पुढं सुनेला बसू दे. तिचा गॉगल हाय." शेवटी त्यांना हौद्यात निजवलं आणि उशाशी मी बसले. गजानन हौद्याची मागची फळी लावताना रडत होता. त्यांनी त्याचा हात दाबला. "तू ऱ्हायलास. आता मी चालले तर तोंड नको पाडूस."

डोळे पुसत तो धावला आणि घाबरून आखातातल्यासारखा डावीकडचा दरवाजा उघडून आत बसला. समोर नुसता पत्रा. हौद्यातून सासूबाई म्हणाल्या, "गजा, उजवीकडं."

दवाखान्यापर्यंत त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. नंतरही नाही.