वेल्मामावशीची कोठडी

कोठडीचं दार मिटू नये म्हणून ठेवलेला बोटीचा छोटा लोखंडी नांगर मी निव्वळ चांगुलपणाने बाजूला सरकवला. माझ्या अंगठ्याला तो लागला होता. आत बसलेल्या म्हातारीच्याही पायाला लागू नये, एवढाच हेतू. मागे दार धाडकन मिटलं आणि कुलूप आपोआप बसलं. किल्ली बाहेर, प्रदर्शनाच्या काचेच्या कपाटात.

आमच्या जिल्ह्याचं संग्रहालय जुन्या तुरुंगात आहे. ऑरेगनच्या या किनाऱ्यावर दमट हवा कपाटातल्या पावालाही सोडत नाही. कोरडी राहते ती एवढी एकच कोठडी. म्हणून जुने फोटो, जमिनींचे नकाशे, बुडालेल्या बोटींचे कागद असे सगळे इथेच जन्मठेप भोगतात. सोबतीला वेल्मा टॉलेफसन, म्हणजे आख्ख्या गावाची मावशी.

मावशी मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होती. निवृत्तीनंतर ‘चार दिवस मदत करते’ म्हणून इथे आली, ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. लोक माळे आवरतात आणि बुटांच्या खोक्यांत भरून आपले पूर्वज तिच्या दारात आणून टाकतात. ती प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव लिहिते. तो भला मोठा सामन मासा धरून उभा असलेला माणूस लिंडग्रेनांचा आजोबा की हाल्वर्सनांचा, यावरून दोन घरांत नाताळचं येणंजाणं बंद आहे. केक मात्र दोघंही मावशीकडे पाठवतात.

खाऱ्या हवेने तिचे गुडघे धरलेत. ॲरिझोनात लेकीने खोली तयार ठेवली आहे. आज समोरच्या चर्चच्या सभागृहात संग्रहालय मंडळाची वार्षिक सभा होती आणि ‘दुसरं कुणी बघा’ असं तिथे उभं राहून सांगायचंच, असं मावशीने ठरवलं होतं. मीही सभासद, तिला न्यायला आलो होतो. मोबाइल गाडीत.

“ओरड की!” मावशी म्हणाली.

ओरडलो. दीपगृहाचा भोंगा माझ्याहून मोठ्याने ओरडला.

“घाबरू नकोस मावशी. तुझ्याशिवाय सभा पुढे जायचीच नाही.”

“माझ्याशिवायच तर जाईल, गाढवा! हजर माणूस ‘नको’ म्हणतो. जो नसतो, त्याच्या गळ्यात काम. हॅरल्ड दात दुखतो म्हणून घरी बसला, खजिनदार झाला.”

“आणि तू?”

“मी कॉफी आणायला गेले होते. परत येते तो टाळ्या. मग पुढे कधी पूल वाहून गेला, कधी ताप आला. या वेळी अंगावर दोन स्वेटर घालून तयार होते. तर तू आलास.”

तेवढ्यात गजांमधून टाळ्या ऐकू आल्या. चांगल्या मनापासूनच्या, शिंपल्यांचं गरम सूप पोटात गेल्यानंतरच्या.

मावशी खोक्यावर बसली. “पोरीला काय सांगू आता? तिने खिडकीला पडदेसुद्धा लावलेत.”

नांगर तिकडे गजांपलीकडे आरामात पडला होता. मावशीने सवयीने एक फोटो उलटा केला, पेन्सिलीला टोक काढलं, आणि न लिहिताच थांबली.

पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी कुणीतरी शिट्टीही मारली.

मावशीने कान टवकारले. संध्याकाळभरात पहिल्यांदाच ती हसली आणि पेन्सिल माझ्या हातात ठेवली.

“अगं, पण तुझी निवड तर मघाशीच झाली,” मी म्हणालो, “मग या टाळ्या कुणासाठी?”

“सभेला तूही नाहीस.”