खुंटीवरची लाल छत्री

खांदा कॉलनीकडे जाणाऱ्या बसमध्ये ती मुलगी एकदाच माझ्या शेजारी बसली. पत्नी गेल्यापासून माझा थांबा हटकून चुकत असे, कारण “चला, आलं” म्हणत कोपराने ढोसणारी तीच होती. म्हणून थांबा आला की सांगशील का, असे मी त्या मुलीला विचारले.

“मी परवाच इथे राहायला आलेय, काका. थांबे मलाच ठाऊक नाहीत, उंदरांचं मात्र काहीही विचारा!”

उंदीर वाट कशी ओळखतो, यावर ती प्रयोगशाळेत काम करत होती. बोलताना तिची बोटे मांडीवरच्या डब्यावर तुरुतुरु पळत. उंदीर ठरावीक दिशेला वळला की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी जाग्या होतात, आणि ती दिशा तो भोवतालच्या खुणांवरून ठरवतो, असे तिने सांगितले.

“आम्ही खूण म्हणून भिंतीवर पांढरा पुठ्ठा लावला. तो दुसऱ्या भिंतीवर हलवला, तरी पेशी ढिम्म! सगळं काम वाया गेलं म्हणून मी रडले. मग एकदा माझी छत्री दुसऱ्या खुंटीला अडकवली, तर पेशींची दिशाच फिरली. लबाड माझी लाल छत्री बघत होता!”

मी मोठ्याने हसलो आणि स्वतःच दचकलो.

“खूण हरवली तर उंदीर काय करतो?”

“आधी गोंधळतो. मग दुसरी शोधतो.”

तेवढ्यात बस शेवटच्या थांब्यावर उभी राहिली. दोघांचेही थांबे मागे गेले होते.

“उंदरांना सांगू नका हं, काका!”

पायी परतताना वाट मीच दाखवली. पाण्याची टाकी, पुढे रसवंती, मग डावीकडे. एकाही वळणावर मी अडखळलो नाही.