डावीकडचे वाटे

वेसाव्याच्या कमळला हळू बोलताना कुणी ऐकलं असेल, तर त्यानं खुशाल पुढे येऊन सांगावं. अंधेरीच्या मासळीबाजारात तिनं हाक दिली की बाहेरच्या रिक्षावाल्यांनाही कळायचं, आज हलवा आलाय. सासूनं मरताना दागिने थोरल्या जावेला दिले आणि बाजारातली जागा कमळला. लोक हळहळले, कमळ मात्र मनातून खूश होती. त्या जागेवर एकवीस वर्षं बसून तिनं घर उभं केलं. मांदेली आणि कोळंबी बाजारात तोलून नाही, वाटे लावून विकतात. नजरेच्या अंदाजानं केलेले छोटे ढीग. कमळचे वाटे इतके एकसारखे असत की गिऱ्हाईक निवडत बसायचं नाही, पहिला हाताला लागेल तो उचलायचं.

होळीच्या आदल्या आठवड्यात तिच्या मेंदूत, उजव्या बाजूला, रक्ताची गुठळी अडकली. बारा दिवसांनी ती रुग्णालयातून आपल्या पायांनी चालत घरी आली. बोलणं साफ, डावा हात तेवढा जरा मंद. नवरा तुळशीदास यानं देवाला नारळ फोडला. सून विनिता म्हणाली, वाचलो.

महिनाभरानं कमळ हट्टानं बाजारात जाऊन बसली आणि तिथं वाट लागली. तिनं फळीच्या उजव्या अर्ध्या भागात बारा वाटे लावले, नेहमीसारखे देखणे. डावा अर्धा भाग मोकळा. उरलेली कोळंबी डाव्या हाताच्या पाटीत उन्हानं नासली. डावीकडून एका जुन्या गिऱ्हाइकानं तीनदा भाव विचारला आणि कपाळाला आठ्या घालून ते निघून गेलं. कमळच्या डाव्या अंगाला रतन बसायची. एकवीस वर्षं या दोघींचं भांडण रोज सकाळी दुकान उघडावं तसं उघडायचं. त्या दिवशी कमळनं रतनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिवी दिली असती तर रतननं पचवली असती, हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

बाजारात जागा कुणाची हे बायकाच ठरवतात. सगळ्यांत थोरली शेवंती आजी घरी आली आणि तिनं स्पष्टच सांगितलं. नारळी पुनवेनंतर बाजार भरेल त्या दिवशी कमळनं एकटीनं फळी लावायची आणि एकटीनं विकायची. कुणी हात लावायचा नाही, कुणी तोंडानं सांगायचं नाही. जमलं तर जागा तिची. नाहीतर जागेसाठी रांगेत पहिली होती रतनची सून.

विनितानं रुग्णालयातून ऋतिकाचा पत्ता आणला. भांडुपची ही मुलगी आजारानंतर माणसांना रोजची कामं पुन्हा शिकवायची. तिनं कमळला होडी काढायला सांगितली. कमळनं काढली ती अर्धीच, डावा भाग गायब. पुरी झाली का, विचारलं तर म्हणाली, झाली की.

"मना आंधली ठरवतेस काय?" कमळ भडकली.

"मावशी, डोळे झकास आहेत तुमचे," ऋतिका म्हणाली. "डोळे चित्र आणून टाकतात. त्यातलं काय बघायचं ते मेंदूतलं दुसरंच जाळं ठरवतं. डावा मेंदू उजव्या बाजूपुरता पहारा देतो. उजवा दोन्ही बाजूंना देतो. तुमचा उजवाच जखमी झालाय, म्हणून डावीकडे पहारेकरी उरला नाही."

कमळनं होडीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, फाटलेलं जाळं आपण जन्मभर शिवलंय, हेही शिवू.

पण शिवलं जाईना. ऋतिका आठवड्यातून दोनदा यायची, चांदण्यांनी भरलेला कागद पुढे ठेवायची आणि प्रत्येक चांदणीवर फुली मारायला सांगायची. कमळ उजवीकडच्या सगळ्या चांदण्या खोडायची आणि पेन्सिल खाली ठेवायची. ताटातला उजवीकडचा भात संपवून डावीकडची आमटी वाढलीच नाही म्हणून विनितावर चिडायची. वैशाख सरत आला. एके दुपारी कमळ पहिल्यांदाच रडली. तिला मरणाची भीती वाटत नव्हती. आपल्या जागेवर दुसरीचे वाटे लागलेले बघावे लागतील, याची वाटत होती.

त्या घराचं एक गुपित ऋतिकाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तिचा अर्थ या भल्या माणसांनी शांतता असा घेतला होता. कोळीवाड्यातलं सगळ्यांत मोठ्या आवाजाचं घर दोन महिने कुजबुजत होतं. टीव्ही मुका केलेला. होडीच्या इंजिनाच्या आवाजावर मात करून बोलायची सवय असलेला तुळशीदास चहा मागायलाही बायकोच्या कानाशी जायचा. प्रेमच ते, पण उपयोग शून्य.

मग एक दिवस रतन आली. मनातला राग गिळून, हातात शहाळं घेऊन. ऋतिका कागद मांडत होती. रतन खाटेच्या डाव्या अंगाला बसली. कमळनं बघितलं नाही. रतननं खाकरून पाहिलं, पदर सारखा केला, शहाळं आपटून ठेवलं. तरी नाही. विनिता ओठावर बोट ठेवून खुणावत होती, पण रतनचा बांध फुटलाच.

"गो कमळे! एवढ्या उन्हाची तुला बघाला आली, न तू तोंड फिरवून बसलीस? मी काय मेली हाय?"

कमळची मान गर्रकन डावीकडे वळली. "मेली असतीस तर एवढी वरडली असतीस काय?"

विनिताच्या हातातला पेला पडला. ऋतिकानं क्षण दवडला नाही, चांदण्यांचा कागद पुढे सरकवला. कमळ फुल्या मारत सुटली आणि कागदाच्या डाव्या कडेपर्यंत पोचली. शेवटची चांदणी खोडून तिनं वर बघितलं तेव्हा रतन कागदावर वाकून फुल्या मोजत होती.

ऋतिकानं मग सांगितलं. जागं राहण्याचं आणि सावध राहण्याचं मेंदूत एक वेगळं तंत्र असतं, त्याची मुख्य मदार उजव्या बाजूवरच. मोठा आवाज झाला की ते खडबडून उठतं आणि लंगड्या पहारेकऱ्यालाही थोडा वेळ उभं करतं. घरात एवढी शांतता का, हे आपण पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, असंही ती म्हणाली. चूक कबूल करणारी माणसं मला आवडतात.

त्या दिवसापासून टीव्ही बोलू लागला आणि तुळशीदासला कंठ फुटला. रतन रोज चार वाजता यायची आणि हक्कानं ओरडून जायची. कमळ हरली की जागा आपल्या सुनेला मिळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती यायची. पण ऋतिका म्हणाली, बाजारात रतनमावशी तोंड उघडू शकणार नाहीत. हाक आता आतून यायला हवी. म्हणून कमळ शिकली. मांडीवर थाप मारायची, स्वतःलाच दरडावायचं, "कमळे, इकरं बघ," आणि फळीची डावी कड दिसेपर्यंत मान वळवायची. आधी मोठ्यानं, मग पुटपुटत, मग नुसतं मनात. आषाढभर घरातल्या पाटावर ती चिंचोके मांडून वाटे लावत होती. रोज थकायची, रोज चुकायची, आणि चुका रोज एखाद्यानं कमी व्हायच्या.

नारळी पौर्णिमा झाली, बाजार भरला. कमळ नवं लुगडं नेसून जागेवर बसली. समोर शेवंती आजी स्टूल टाकून बसली होती. कमळनं थाप मारली, मान वळवली आणि पहिला वाटा लावला तो फळीच्या अगदी डाव्या टोकाला. तिथून उजवीकडे येत गेली. चोवीस वाटे, एकसारखे. मग तिनं हाक दिली, आणि पाच महिन्यांनी अंधेरीनं ती ऐकली. डावीकडून गिऱ्हाइकं आली, उजवीकडून आली. मध्ये एकदा एक बाई डावीकडे ताटकळत राहिली. रतननं तोंडात पदराचा बोळा कोंबून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कमळचा हात मांडीवर पडला, मान वळली, आणि ती म्हणाली, "बोल बाय, किती देऊ?"

उन्हं चढली तेव्हा फळीवर दोनच वाटे उरले होते. रतननं आपली पाटी उचलून पुन्हा खाली ठेवली, ती कमळच्या हद्दीत वीतभर आत. मुद्दाम ठेवली की सवयीनं, हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कमळ सुटे पैसे मोजत होती. थाप नाही, पुटपुटणं नाही. तिनं पैशांवरची नजर उचलून थेट डावीकडे पाहिलं.

"रतन, पाटी माघारी घे. वीतभर माझ्यात आलीस."

बायका हसायला लागल्या. शेवंती आजी स्टुलावरून उठली आणि तिनं पैसे देऊन ते दोन्ही वाटे आपल्या पिशवीत ओतून घेतले. रतननं तोंडातला पदर काढला, डोळे पुसले, पाटी मागं ओढली आणि मागे उभ्या असलेल्या सुनेला म्हणाली, "तू दुसरी जागा बघ गो. ही बाय आता इथून उठत नाय."