आईच्या डोळ्यातलं छिद्र आणि माझा होकार

अन्याय माझ्या आईवर झाला. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा, दिवाळीनंतरच्या सोमवारी, सकाळी साडेअकराला, नाशिकमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. करणारे दोघे: डॉक्टर आणि मी.

आई देवळाली कॅम्पात फौजी गणवेश शिवायची. त्या वर्षी तिला सरळ शिवण वाकडी दिसायला लागली. मग एकदा डावा डोळा झाकला, तर समोरच्या माणसाचं नाकच गायब. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध छिद्र पडलंय, डॉक्टर म्हणाले. आईला नाही, मला! "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजेल." आईची हनुवटी अजून तपासणीच्या मशीनवर टेकलेली होती.

ऑपरेशन एकच: डोळ्यातला पारदर्शक गर काढायचा. पुढे छिद्र मिटावं म्हणून त्या जागी काय भरायचं, याच्या दोन वाटा. गॅस भरला तर आठ-दहा दिवस मान खाली, म्हणजे त्याचा बुडबुडा वर चढून छिद्रावर दाबून राहतो. गॅस आपोआप विरतो. सिलिकॉन तेल भरलं तर मानेचा एवढा जाच नाही, पण काही महिन्यांनी ते काढायला दुसरं ऑपरेशन. "आम्ही आधी गॅसच सुचवतो. पण या वयात झेपेल का त्यांना?"

मी घाबरले. उशीत तोंड खुपसून गुदमरणारी आई दिसली मला. "नाही झेपणार. तेलच घाला."

कागदावर मी बोट ठेवलं तिथे आईने सही केली. बोट तरी तिला दिसत होतं का, कोण जाणे.

पुढचे महिने नुसती धाकधूक. रोज सकाळी आई एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघायची. "सरळ हायेत का गं?" मलाच विचारायची. दुसऱ्या डोळ्यातही छिद्र पडू शकतं, हे मी वाचलं होतं. तिला सांगितलं नाही. तेही मीच ठरवलं.

तेल काढलं. छिद्र तसंच. डॉक्टर पुन्हा माझ्याकडे वळले: आता गॅस भरून बघू, आशा पहिल्यापेक्षा कमी, शिवाय मान...

"डॉक्टर, इकडं बोला," आई म्हणाली. "डोळा माझा हाय. सारा जलम शिलाई मशिनीवर मान खाली घालूनच बसले ना मी? दहा दिवसांत काय तुटती व्हय?" मग माझ्याकडे बघून, "आन् तू लय शिकलीस बाई. एवढं मला विचारायचं नाय सुचलं."

दहा दिवस ती त्याच शिलाई मशीनवर उशी ठेवून, कपाळ टेकून बसली. छिद्र मिटलं. आता नाक दिसतं, जरा वाकडं. सुईत दोरा मात्र त्या डोळ्याने ओवता येत नाही. आधीच गॅस भरला असता तर आला असता? छातीठोक कोणीच सांगत नाही. त्याच प्रश्नाची मला अजून भीती वाटते.

आता तुमचं बोला. तुमच्या आईला, सासऱ्यांना घेऊन तुम्ही जाल आणि डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागतील. उत्तर देऊ नका. "त्यांना सांगा," एवढंच म्हणा. गॅस की तेल, मान किती दिवस खाली, ऑपरेशनं किती, नाही मिटलं तर पुढे काय, सगळं त्यांच्यासमोर, त्यांना कळेल असं सांगायला लावा. आणि होकार त्यांच्या तोंडून येईपर्यंत त्या कागदावर बोट ठेवू नका.