एका हाताची हातकडी

ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही, कारण फिर्याद द्यायला आलेल्या बाईंना काळजी होती ती चोराची.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी खामगावकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. शिपाई म्हणून लागलो आणि परीक्षा देत, कुणाच्या वशिल्याशिवाय तिथवर आलो होतो. आवाज चढा, हात त्याहून. ठाण्याजवळच मिशनचा छोटा दवाखाना होता. तो चालवणाऱ्या नर्सबाई ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या. एका रात्री कुणीतरी दवाखान्याच्या खिडकीची काच फोडून औषधाच्या कपाटाला हात घातला. सकाळी मी हजेरी घेत होतो, तेवढ्यात बाई आल्या.

"काय काय गेलं?" मी विचारलं.

"एकच बाटली, लाल औषधाची. साहेब, ते अंगाला चोळायचं आहे. पोटात गेलं तर माणूस जाईल. ज्यानं नेलं त्याला हे आजच कळायला हवं."

तेव्हा रोगी घरून बाटली आणत. पिण्याच्या औषधाच्या बाटलीला दवाखान्यात कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत, एक खाच म्हणजे एक डोस. तापाचं औषधही लालच असायचं. या बाटलीला पट्टी नव्हती. चिठ्ठी होती, पण ती वाचता येणाऱ्यासाठी.

दुपारी खबर मिळाली. कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोरच्या चहावाल्याने आमच्या हवालदाराला सांगितलं की, एक हमाल हाताला फडकं गुंडाळून आलाय आणि रक्त थांबत नाही. हमाल पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या एका खेड्यातला. त्याला उचलून आणला.

"काऊन बे, हात कशानं कापला?" हवालदाराने विचारलं.

"पत्रा लागला."

"पत्र्याले बी दवाखान्याचा वास येते का?"

मी दोन ठेवून दिल्या. तरी तो पत्र्यालाच धरून बसला. शेवटी मी ओरडलो, "अरे, ते विष आहे! कुणाला पाजलंस?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी खरं बोलत होतो, पण त्याला तो पोलिसांचा डाव वाटला.

मी बाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, "बाई, बाटलीचा पत्ता काढून द्या. मी त्याचा गुन्हा हलका करून दाखवतो."

"मी सौदा करत नाही, साहेब. आधी हात बघू द्या."

त्या त्याच्यासमोर फरशीवर बसल्या. फडकं भिजवून सोडवलं, चिमट्याने काच काढली.

"दुखतंय?"

"हाव."

"घरी कोण आजारी आहे?"

एवढ्यावर तो गडी रडायला लागला. "बायको. ताप उतरूनच नाही राह्यला. काल सांजेले आलो होतो, बाई. तुमच्या चौकीदारानं हाकललं मले. म्हने, बंद झालं, उद्या ये. अन् थे तं उद्यापर्यंत टिकते का नाही, असं झालं होतं. बाटली मायजवळ देऊन आलो. ताप सांजेले चढते, म्हून दिवस मावळला का पाज म्हनलं."

"ते चोळायचं औषध आहे रे, दादा," बाई हळूच म्हणाल्या.

तो ताडकन उठला. "साहेब, चला लवकर!"

आम्ही जीपने पोहोचलो तेव्हा बाटलीचं बूच अजून निघालेलं नव्हतं. बायकोला त्याच जीपमधून दवाखान्यात आणलं. वाटेत मी म्हटलं, "त्या चौकीदाराला मी बघतोच."

"दार माझं आहे, साहेब. दोषही माझाच," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला राग येत नाही का? स्वभावच गरीब तुमचा."

"स्वभाव कुठला! माझा बाप तापट, मी त्याहून. आमच्या धर्मात सौम्यपणा शिकावा लागतो. रोज सकाळी राग प्रभूपाशी ठेवते, मग बाहेर पडते. दुपारपर्यंत कधी कधी तो मागून येतोच."

बायको वाचली नाही. ताप फार चढला होता. एक दिवस आधी आली असती तर काय झालं असतं, हे मी बाईंना विचारलं नाही.

वरिष्ठांनी अहवालात 'आपल्या देखरेखीखालील कौशल्यपूर्ण चौकशी' असं लिहिलं आणि शाबासकी घेतली. चौकशीच्या वेळी ते बुलढाण्याला होते. हे मला आजही सलतं. माझं नाव गाळलं ते गाळलं, बाईंचं तर कागदावर कुठंच नाही.

आरोपीला अंत्यविधीला नेण्याची परवानगी मी मॅजिस्ट्रेटसाहेबांशी हुज्जत घालून मिळवली. स्मशानात बाई त्याच्या म्हातारीला धरून उभ्या होत्या. त्या जवळ आल्या.

"साहेब, कडी काढा."

"तसा नियम नाही."

"जखमी हात आहे. त्याच हाताने त्याला अग्नी द्यायचाय."

घासाघीस माझ्या रक्तातच. म्हटलं, "एकच हात सोडतो." पट्टी बांधलेला उजवा हात मोकळा केला आणि ती कडी माझ्या मनगटात अडकवली. शिपायाच्या हाती द्यायला मन होईना.

त्याने खांद्यावर मडकं घेतलं आणि चितेभोवती चालू लागला. मी त्याच्या बाजूने. मी भरभर चालणारा माणूस. त्या दिवशी तो थांबला की थांबलो, त्याने पाय उचलला की उचलला.

पुढे नोकरीत मी पुष्कळांवर ओरडलो. पण जे माणसाच्या जिवाचं असेल ते हळू सांगायचं, एवढं शिकलो. सराव अजून चालू आहे. रोज जमतं असं नाही.

त्या फेऱ्यांत मडक्याचं पाणी माझ्या बाहीवर सांडत होतं. मी हात मागे घेतला नाही.