बरणीतलं जेवण

मुलांची आई गेली त्या हिवाळ्यात आत्या भावाच्या घरी राहायला आली, ती एका कापडी पिशवीनिशी. मुलं जरा सावरली की परत जायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं आणि शेजाऱ्यांनाही तसंच सांगितलं होतं. शेजारी "हो, हो" म्हणाले. पण ज्या तऱ्हेनं म्हणाले त्यावरून त्यांना पुढचं सगळं आधीच दिसत असावं.

तेव्हा ती तिशीच्या आतबाहेर. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं करायच्या मशीनवर बसायची. शर्टाची पट्टी पुढे सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, टकटकटक, झालं काज. बटणं लावणारीच्या टोपलीत शर्ट टाकायचा आणि पुढचा घ्यायचा. कारखान्यात तिला सगळे 'काजवाल्या ताई' म्हणत. हात असा की झोपेतही चुकायचा नाही. स्वयंपाकाशी मात्र तिचा छत्तीसचा आकडा. बायकांच्या वसतिगृहात राहणारी, कॅन्टीनमध्ये जेवणारी बाई ती. तिचा चहासुद्धा कधी पाणचट व्हायचा, कधी काढा.

आणि आता समोर तीन तोंडं. थोरली दहा वर्षांची, आईसारखी गंभीर. मधला सात वर्षांचा, हाताला जे लागेल त्याचं खेळणं करणारा. धाकटी चार वर्षांची. भाऊ बसवर ड्रायव्हर. एक आठवडा अंधारातच निघून जायचा, दुसऱ्या आठवड्यात मुलं झोपल्यावर घरी यायचा. पहिले काही आठवडे आत्यानं भात, अंडी आणि पाव यांवर वेळ मारून नेली. भात खाली लागायचा आणि वर कच्चा राहायचा. मुलं मुकाट खायची. तिला वाटे, एकदा तरी कुणी भोकाड पसरावं, म्हणजे निदान रागवता तरी येईल.

शाळा उघडायच्या आधी कारखान्यात कामाचा नुसता पूर यायचा. त्या दिवसांत एका संध्याकाळी तिला थांबवून घेतलं. धावतपळत जिना चढून ती दारात आली तर घरात करपल्याचा वास. ओट्यापाशी थोरली उभी, उजवा हात पाठीमागे लपवलेला.

"हात दाखव बघू."

"काही नाही झालं."

"दाखव म्हणते ना!"

मनगटाच्या वर लालभडक चट्टा होता. पातेल्यातलं पाणी आटून अंडी फुटली होती आणि गरम पातेलं उचलायला गेलेली ही पोर भाजून बसली होती.

"धाकटी रडत होती गं," थोरली म्हणाली. "आणि तुला उशीर झाला होता ना."

आत्यानं तिचा हात नळाखाली धरला. पोर दहा वर्षांची, आणि माफी मागितल्यासारखी बोलत होती. त्याच वेळी आत्यानं ठरवलं, या घरात गॅस न पेटवता खाता येईल असं काहीतरी कायम असलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ती कॅन्टीनवाल्या काकांपुढे जाऊन उभी राहिली. काका लठ्ठ, खांद्यावर फडकं, बोलणं निम्मं नाकातून.

"काका, एकदा करून ठेवलं की चार दिवस पुरेल, मुलांना हातानं वाढून घेता येईल आणि मला जमेल, असं काही आहे का?"

"तुम्हाला जमेल असं?" काकांनी विचार केला. तिचा चहा त्यांनी एकदा प्यायला होता. "कडधान्यं उकडून ठेवा. राजमा, चवळी, काबुली चणे. वर लिंबू, तेल, मीठ, कांदा. भाताशी जातं, पावाशी जातं, नुसतं चमच्यानंही जातं. आज केलं तर उद्या जास्त चांगलं लागतं. माणसांत हा गुण कमी बघा."

पहिला प्रयत्न पार फसला. तिनं घाईघाईत दोन तास भिजवून तिन्ही एकत्र उकडली. चवळीचा लगदा झाला, चणे अर्धेकच्चे राहिले आणि राजमा तर दगडच. मधल्यानं ताटातला राजमा बाजूला काढून जमिनीवर चक्क गोट्यांचा डाव मांडला. भाऊ त्या दिवशी घरी होता. बराच वेळ चावत राहिला, मग म्हणाला, "हा घोड्याचा खुराक आहे का गं?"

आणि धाकटी टेबलाखालून घोड्यासारखी खिंकाळली.

आई गेल्यापासून त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. थोरलीला आधी हसू फुटलं, मग मधल्याला, मग भावाला. आत्या रागवायला म्हणून उठली आणि मटकन खाली बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. त्या रात्री सगळे पावावर लोणी लावून जेवले आणि झोपेपर्यंत कुणी ना कुणी खिंकाळत होतं.

काकांनी मग नीट समजावलं. रात्रभर भिजवायचं, उगीच घाई करायची नाही. प्रत्येक कडधान्य वेगळं शिजवायचं, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा दबला पाहिजे, राजम्याच्या बाबतीत तर अजिबात तडजोड नको, नाहीतर पोटं दुखतील. पाणी पूर्ण निथळायचं. आणि लिंबू-तेल घालायचं ते दाणे कोमट असतानाच. "गार झाल्यावर घातलंत तर वरच्यावर राहतं. कोमट असताना आत जातं." कांदा बारीक चिरून लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवायचा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. ढोबळी मिरची चालेल. काकडी, टोमॅटो आणि कोथिंबीर मात्र ऐनवेळी ताटात, बरणीत नाही. पाणी सुटतं.

बरणी मोठी काचेची होती, रुंद तोंडाची. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ती एकटीच जागा अडवून बसायची. हळूहळू त्या पदार्थाचं नावच 'बरणी' पडलं. "आज काय आहे?" "बरणी." "बरणी संपली?" "तळाला आहे, पण तळ माझा!" तळाचा वाटा सगळ्यांत मुरलेला, त्यावरून भांडणं व्हायची. भाऊ डब्यातही तेच नेऊ लागला. डेपोतले ड्रायव्हर त्याला विचारत, "काय राव, आज घोडा काय खातोय?"

सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून चौघं कडधान्यं निवडायला बसायची. खडा सापडला की मधला तो न्यायाधीशासारखा वर धरायचा आणि "हद्दपार!" म्हणून खिडकीबाहेर फेकायचा. खालच्या मजल्यावरचे वकील एकदा तक्रार घेऊन वर आले आणि काबुली चण्यांचा एक वाडगा घेऊन परत गेले. थोरली तिथेच बसून पाढे म्हणायची. धाकटी राजम्याचे दाणे रंगांप्रमाणे लावायची, गडद एकीकडे, फिके दुसरीकडे, आणि आत्या ते सगळे एका हातानं एकत्र लोटायची तेव्हा दर वेळी तितक्याच जिवाच्या आकांतानं ओरडायची. दुसऱ्या दिवशी कुकरच्या वाफेनं खिडकीच्या काचा धुरकट व्हायच्या. आत्याला पुढे आयुष्यभर सुखाचा वास कसला असं कुणी विचारलं असतं तर तिनं कांदा आणि लिंबू असंच सांगितलं असतं. पण असलं कुणी विचारत नाही.

अशी सात-आठ वर्षं गेली. थोरली कॉलेजात जायला लागली, मधल्याचा आवाज फुटला. आणि एक दिवस भाऊ तिच्यासमोर येऊन नुसताच उभा राहिला. खुर्ची ओढली, बसला, परत उठला.

"दादा, बोल की. बस चुकल्यासारखा काय करतोस?"

"डेपोजवळच्या शाळेत एक बाई आहेत. कचेरीत. चांगल्या आहेत गं."

"मग लग्न कर."

"तू... तुला..."

"मला काय धाड भरलीय? उलट उशीरच केलास."

ती मनापासून बोलली होती. लग्न साधं झालं, आणि नवी वहिनी खरंच चांगली निघाली. हसरी, टापटिपीची, मुलांशी हळू आवाजात बोलणारी. अडचण तिच्या टापटिपीनंच केली. पहिल्याच आठवड्यात आत्या कामावरून आली तर बरणी लख्ख धुऊन ओट्यावर पालथी घातलेली.

"वन्सं, फ्रिजमध्ये कडधान्यं होती ना, आंबूस वास येत होता. तीन दिवसांची असावीत. मी टाकून दिली."

तिन्ही मुलं जिथल्या तिथे थिजली. मधला काहीतरी बोलणार, तोच आत्या म्हणाली, "बरं केलंत वहिनी." आणि ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढत राहिली. सगळे कपडे काढून झाले तरी तिथेच उभी होती.

वहिनीचं काही चुकलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि ही दुसरी तलवार आपण आहोत हे आत्याला कपड्यांच्या दोरीपाशी कळलं. महिन्याभरात तिनं कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. भाऊ रागावला. वहिनी रडली. धाकटीनं तिची चप्पल लपवून ठेवली. मधल्यानं काहीच केलं नाही, त्यानं फक्त तिच्याशी बोलणं टाकलं.

खोली छान होती. सकाळचं ऊन यायचं. पहिल्या सुट्टीला आत्यानं कडधान्यं भिजवली आणि सकाळी पाहिलं तर पातेलं काठोकाठ. हाताला एकाचं मापच ठाऊक नव्हतं. आठवडाभर तिनं कारखान्यातल्या बायकांना वाटलं, तरी उरलंच. पुढच्या खेपेला तिनं मोजून एक मूठ भिजवली. एवढंसं शिजलेलं बघून तिला भूकच लागेना.

पावसाळा संपता संपता एका दुपारी दार वाजलं. दारात वहिनी, हातात काचेची बरणी, रिकामी.

"वन्सं, आत येऊ?"

"अहो, विचारता काय? या की."

वहिनी बसली, पण बरणी मांडीवरून खाली ठेवेना. "मला तेव्हा माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मुलं बोललीच नाहीत. परवा धाकटी बोलली. मला यायला उशीर झाला, ती फ्रिज उघडून उभी होती. म्हणाली, इथं आमचं जेवण असायचं."

आत्या तिच्यासमोर येऊन बसली.

"मी करून बघितलं. तीनदा. मधला म्हणाला, हे खेळायला बरं आहे."

आत्याला हसू आवरेना. वहिनी आधी गोंधळली, मग आत्यानं तिला गोट्यांची, घोड्याची, भावाच्या चेहऱ्याची सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की बरणी मांडीवरून घसरता घसरता वाचली.

"वन्सं, तुम्हालाही येत नव्हतं?"

"मला चहा येत नव्हता वहिनी! अजूनही येत नाही. आत्ता पाजते ना, कळेलच."

त्या दुपारी दोघींनी मिळून केलं. दाणा बोटांत दाबून बघताना वहिनीचं बोट भाजलं. कोमट असतानाच लिंबू का घालायचं ते आत्यानं काकांच्याच शब्दांत, काकांसारखंच नाकातून बोलून सांगितलं. वहिनीनं भीत भीत विचारलं, "थोडे भाजलेले शेंगदाणे घातले तर?"

आत्याच्या ओठांवर "नाही" आलं होतं. तिनं ते गिळलं. "घाला," ती म्हणाली. "पण खाताना, ताटात. नाहीतर नरम पडतील."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी कधी ती तिकडे जायची, कधी मुलं इकडे यायची. मधला सगळ्यांत शेवटी आला. दारातूनच म्हणाला, "शेंगदाण्यांनी चांगलं लागतं, पण तुझं वेगळं होतं." दोन वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य. आत्यानं फक्त सरकून त्याला बसायला जागा केली.

आता काजांच्या मशीनवर दुसरी कुणी बसते. भाऊ निवृत्त होऊन दिवसभर वर्तमानपत्र वाचतो आणि वहिनीच्या पायांत पायांत करतो, असं वहिनीच फोनवर सांगते. थोरली रुग्णालयात नर्स आहे. तिला पाळ्या आहेत, दोन मुलं आहेत, आणि तिच्या फ्रिजचा खालचा कप्पा कायम भरलेला असतो. मधला गाड्यांची दुरुस्ती करतो. धाकटी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. जाताना बसस्थानकावर तिनं एकही अश्रू ढाळला नाही आणि तिथे पोचल्यावर ती तीन दिवस फोनवर रडली.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला.

"आत्या, राजमा किती वेळ ठेवू?"

"तुझा कुकर कसा आहे मला काय माहीत! शिजला की बोटात दाबून बघ."

"थांब मग. ठेवू नकोस फोन."

आत्यानं ठेवला नाही. पलीकडून आधी सुरीचा आवाज आला, कांदा चिरल्याचा, मग नाक ओढल्याचा. "कांदा आहे हं, मी रडत नाहीये," धाकटी म्हणाली. "बरं," आत्या म्हणाली. आत्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली, फोन कानाला लावून, आणि तिथल्या कुकरची फुसफुस ऐकत राहिली. त्या खोलीत ती कधी गेली नव्हती. खिडकी कुठे, ओटा कुठे, काही ठाऊक नव्हतं. तरी काचा धुरकटल्या असतील, एवढं तिला दिसत होतं.

शिट्टी झाली.

"आत्या, आहेस ना?"

"आहे गं. गॅस बारीक कर."